करवतीखाली पुसला जाणारा ठसा : प्रमाणित लाकडाचा माग

पुण्याजवळ लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. जर्मनीतल्या एका ग्राहकाने त्यांच्याकडे साठ जेवणाच्या टेबलांची मागणी नोंदवली असून लाकूड ‘एफएससी प्रमाणित’, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातले असल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेले, असावे अशी अट घातली आहे. त्यांच्या नेहमीच्या वखारवाल्याने एका प्रमाणपत्राची पीडीएफ प्रत पाठवली आहे. ती प्रत ग्राहकाकडे पाठवली म्हणजे अट पूर्ण होते का, आणि मुळात या प्रमाणपत्रामुळे जंगलाचे काही भले होते की हा नुसता कागदांचा खर्च आहे, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. वखारवाल्याचे प्रमाणपत्र खरे, चालू मुदतीचे आणि योग्य त्या मालाचे असले तरीही आपल्या कारखान्याकडे स्वतःचे प्रमाणपत्र नसेल, तर आपल्या दारात आलेले प्रमाणित लाकूड दाराबाहेर जाताना प्रमाणित राहत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत, आणि त्या अटी समजल्याशिवाय पहिल्या उत्तराचे कारणही नीट समजणार नाही. गेली अनेक वर्षे मी लाकूड उद्योगात लेखापरीक्षणाचे काम करतो. त्याआधीची उमेदीची काही वर्षे विदर्भातल्या कुपांमध्ये, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनखंडांमध्ये, आणि विक्री आगारांमध्ये गेली. म्हणून सुरुवात जंगलापासून करतो.

गडचिरोली किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या सागाच्या कुपात तोडीच्या हंगामाआधी गेलात तर दिसते, की तोडायच्या प्रत्येक झाडाची छाल थोडी तासून तिथे क्रमांक घातलेला आहे आणि वन खात्याच्या हातोड्याचा ठसा मारलेला आहे. एक ठसा वर, छातीच्या उंचीच्या आसपास, आणि एक खाली, अगदी बुंध्याशी. खालचा ठसा मुद्दाम इतका खाली मारतात, कारण झाड पडल्यावर तो खुंटावर शिल्लक राहिला पाहिजे. पुढे तपासणीला आलेला अधिकारी खुंटापाशी उभा राहून विचारू शकतो, की हे झाड कोणत्या क्रमांकाचे, ते तोडीच्या यादीत होते का, आणि त्याचे लाकूड कुठे गेले. झाड पडले की त्याचे ओंडके होतात, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर क्रमांक पडतो, लांबी आणि घेर मोजून नोंद होते, वाहतूक परवाना बनतो आणि ट्रक आगाराकडे निघतो. बल्लारशाहच्या आगारात थप्प्या लागतात, लिलाव होतो, खरेदीदार पैसे भरतो आणि नव्या परवान्यावर माल उचलतो. इथपर्यंत सागाच्या ओंडक्याला नाव, गाव आणि क्रमांक असतो. आपल्याकडची ही पद्धत जुनी आहे आणि ती मनापासून राबवली जाते तिथे अतिशय भक्कम आहे, हे मी कुठल्याही परदेशी परीक्षकापुढे सांगत आलो आहे.

मग साखळी तुटते कुठे? आरागिरणीत. ओंडका गाड्यावर चढतो, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्याच्या पाठी उतरतात, मग फळ्या पडतात, आणि ओंडक्याच्या तोंडावरचा क्रमांक व ठसा चकत्या-चकत्या होऊन भुशात आणि जळाऊ लाकडात जातो. दुपारी गिरणीतून निघालेल्या फळ्यांच्या गठ्ठ्याकडे पाहून तो सरकारी आगारातला माल आहे, शेतकऱ्याच्या मालकी प्रकरणातला, म्हणजे खासगी जमिनीवर परवानगीने तोडलेल्या झाडांचा आहे, घानाच्या लागवडीतून न्हावाशेवाला आलेला आहे, की रात्री कुठून तरी चोरून आणलेला आहे, हे कोणालाही सांगता येत नाही. लाकडाच्या पेशीरचनेवरून प्रजाती ओळखता येते आणि बंगळूरच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी ती तपासणी उत्तम होते, पण साग हा साग आहे इतके कळल्याने तो कोणत्या जंगलातून आला हे कळत नाही. करवतीच्या पलीकडे लाकडाची ओळख केवळ नोंदींमध्ये उरते. प्रमाणीकरणाचा अर्धा डोलारा या एका अडचणीवर उत्तर म्हणून उभा आहे.

हा अर्धा भाग म्हणजे व्यवहारात ज्याला चेन ऑफ कस्टडी म्हणतात ती ताब्याची साखळी. जंगलापासून शेवटच्या कारखान्यापर्यंत लाकडाची मालकी ज्याच्या ज्याच्याकडे जाते आणि जो त्यावर प्रक्रिया करतो, अशा प्रत्येकाने आपल्या पायरीचा हिशेब ठेवायचा, आणि प्रत्येक पायरीची बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेने तपासणी करायची, अशी ती रचना आहे. प्रमाणपत्र साधारण पाच वर्षांचे असते आणि मध्ये दरवर्षी पाहणी होते. साखळीतली एक कडी प्रमाणित नसली की पुढच्या कुणालाही दावा करता येत नाही. तयार आणि शिक्का लावलेली वस्तू थेट घरगुती ग्राहकाला विकणाऱ्या दुकानदाराला मात्र प्रमाणपत्र लागत नाही. आपण दुकानदार नसून फळी कापून टेबल करणारे उत्पादक आहात, म्हणून आपला कारखाना ही साखळीतली एक कडीच आहे.

दुसरा अर्धा भाग जंगलाच्या व्यवस्थापनाचा. फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, १९९३ मध्ये स्थापन झाली. उष्णकटिबंधातली जंगले झपाट्याने तुटत होती, लाकडावर सरसकट बहिष्कार घालण्याची मोहीम युरोपात सुरू झाली होती, आणि बहिष्कारामुळे जंगलाची किंमत शून्य होऊन ती शेतीसाठी अधिकच साफ होतील अशी सार्थ भीती काही पर्यावरणवाद्यांना, व्यापाऱ्यांना आणि आदिवासी समूहांच्या प्रतिनिधींना वाटत होती. त्यातून ही संस्था उभी राहिली. युरोपातल्या छोट्या खासगी वनमालकांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये पीईएफसी ही दुसरी मोठी व्यवस्था आली, जी स्वतः एकच मानक लादण्याऐवजी देशोदेशीच्या योजनांना मान्यता देते. एफएससीची दहा तत्त्वे आहेत आणि ती वाचताना लक्षात येते, की त्यांतला मोठा भाग झाडांपेक्षा माणसांविषयी आहे. कायद्याचे पालन, कामगारांचे हक्क आणि सुरक्षितता, मूळ रहिवाशांचे हक्क, गावांशी असलेले संबंध हे सारे त्यात येते. तोडणी वाढीपेक्षा जास्त होऊ नये ही अट आहेच. व्यवस्थापनाखालील क्षेत्राचा किमान दहा टक्के भाग संवर्धनासाठी राखावा अशीही अट आहे. एखाद्या वनक्षेत्रात देवराई असेल तर ती लाकडाच्या दृष्टीने कितीही मोलाची असली तरी सांस्कृतिकदृष्ट्या उच्च संवर्धन मूल्याची जागा म्हणून तिची नोंद व राखण करावी लागते. कुऱ्हाड न चालवण्याचा जो नेम आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या पाळला, त्याला या मानकात जागा आहे याचे मला समाधान वाटते.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा, कारण त्यावरून व्यापारात रोज गोंधळ होतो. वाहतूक परवाना, लिलावाची पावती, मालकी प्रकरणातला तोडीचा परवाना हे सारे लाकूड कायदेशीर असल्याचा पुरावा आहेत. जंगलाचे व्यवस्थापन जबाबदारीने होत आहे याचा तो पुरावा नव्हे. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची ‘वृक्ष’ ही योजना, जी जोधपूर आणि सहारणपूरकडचे निर्यातदार शिसम व आंब्याच्या लाकडासाठी वापरतात, तीही प्रामुख्याने कायदेशीरपणाचीच पडताळणी करते. शिसम ज्यात येतो त्या डालबर्जिया या संपूर्ण वंशावर साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराची बंधने २०१७ च्या आरंभापासून आली, त्यामुळे त्या निर्यातदारांना अशा पडताळणीची मोठी गरज होती, आणि तिचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण आपल्या ग्राहकाने ‘एफएससी’ हा शब्द लिहिला असेल तर त्याला ‘वृक्ष’चा कागद पाठवून भागणार नाही. कायदेशीर लाकूड हा पाया आहे आणि शाश्वत व्यवस्थापन हे त्यावरचे बांधकाम आहे.

आता आपल्याला आलेल्या पीडीएफकडे वळू. प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव असते, प्रमाणपत्राचा संकेतांक असतो आणि परवाना क्रमांक असतो. त्यातला संकेतांक एफएससीच्या सार्वजनिक नोंदणीत टाकून पाहा. कागदावरची मुदत आणि नोंदणीतली सद्यस्थिती यांत फरक असू शकतो, कारण मुदतीच्या मध्येच प्रमाणपत्र निलंबित झाले तरी छापलेला कागद तसाच राहतो. त्यानंतर व्याप्ती पाहा, आणि बहुतेक लोक नेमके हेच पाहत नाहीत. एखाद्या वखारीचे प्रमाणपत्र केवळ प्लायवूडसाठी असेल तर तिने विकलेल्या सागाच्या फळीला त्याचा काही उपयोग नाही. नोंदणीत उत्पादनांचे प्रकार आणि प्रजाती दिलेल्या असतात, त्यांत आपला माल बसतो का ते बघावे. सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिल. विक्रेत्याच्या बिलावर त्या विशिष्ट मालाच्या ओळीसमोर ‘एफएससी १०० टक्के’ किंवा ‘एफएससी मिक्स’ असा दावा आणि विक्रेत्याचा प्रमाणपत्र संकेतांक छापलेला असला पाहिजे. प्रमाणपत्र सांगते की ही वखार प्रमाणित माल विकण्यास पात्र आहे. आपल्या ट्रकमध्ये आलेला माल प्रमाणित आहे की नाही, हे फक्त बिलाची ती ओळ सांगते. प्रमाणित वखारी साधे लाकूडही विकतात, आणि त्यात काही गैर नाही.

‘मिक्स’ या शब्दाविषयी आपल्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. ‘१०० टक्के’ म्हणजे सगळे लाकूड प्रमाणित जंगलातून आलेले. ‘रिसायकल्ड’ म्हणजे पुनर्वापराच्या मालापासून केलेले. ‘मिक्स’मध्ये प्रमाणित किंवा पुनर्वापरातल्या लाकडासोबत ‘नियंत्रित लाकूड’ मिसळलेले असते. ही व्यवस्था दूध संघाच्या टाकीसारखी आहे. एका शेतकऱ्याने दहा लिटर घातले तर दहा लिटरचा हिशेब त्याच्या नावावर जमा होतो, पण पिशवीतून निघणारा थेंब त्याच्याच गाईचा असेल असे नाही. प्लायवूड आणि एमडीएफच्या कारखान्यांत, जिथे हजारो टन लाकूड एकाच यंत्रात जाते, तिथे वेगळे ठेवणे शक्यच नसते, म्हणून अशी जमाखात्याची पद्धत मान्य केली आहे. मात्र उरलेले दूध, म्हणजे हे नियंत्रित लाकूड, नासके असून चालणार नाही, यासाठी पाच गोष्टी वर्ज्य केल्या आहेत : बेकायदा तोडलेले लाकूड, पारंपरिक व मानवी हक्क डावलून काढलेले लाकूड, उच्च संवर्धन मूल्य धोक्यात आणणाऱ्या तोडीचे लाकूड, नैसर्गिक जंगल मोडून लागवड किंवा इतर वापरासाठी केलेल्या साफसफाईचे लाकूड, आणि जनुकीय बदल केलेल्या झाडांचे लाकूड. माझे मत विचाराल तर भरीव लाकडाच्या टेबलासाठी ‘१०० टक्के’ मालाचा आग्रह धरावा, कारण तिथे फळ्या वेगळ्या ठेवणे शक्य आहे. प्लायवूडसाठी ‘मिक्स’ स्वीकारण्यात कमीपणा मानू नये.

कारखान्याच्या आत काय करावे लागते, ते एका प्रसंगातून सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात वार्षिक पाहणीसाठी गेलो होतो. गोदाम नीटनेटके होते, प्रमाणित फळ्यांची थप्पी वेगळी होती आणि प्रत्येक फळीच्या टोकाला हिरवा रंग फासला होता. नोंदवहीही व्यवस्थित होती. मी हिशेब मांडला. वर्षभरात प्रमाणित चिरीव लाकूड आले होते १८ घनमीटर. त्यांच्याच नोंदीप्रमाणे फळीपासून तयार वस्तूपर्यंत ६० टक्के लाकूड हाती लागत होते, म्हणजे प्रमाणित दाव्यासह विकलेल्या वस्तूंमध्ये जास्तीत जास्त १०.८ घनमीटर लाकूड असायला हवे होते. बिलांवरून बेरीज आली १६.५ घनमीटर. मालक हे ऐकून खरोखर हादरले, त्यांनी लबाडी केली होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आम्ही दोघे सुतारशाळेत गेलो आणि तासभर नुसते पाहत उभे राहिलो. कारागीर फळी उचलत होता आणि सर्वांत आधी तिची दोन्ही टोके कापून बाजूला टाकत होता, कारण टोकांना उन्हाने चिरा गेलेल्या असतात आणि कोणताही जाणता सुतार तेच करील. हिरवा रंग पहिल्याच कापात जात होता. त्यानंतर दोन्ही थप्प्यांचे तुकडे एकाच घोडीवर येत होते, आणि प्रमाणित मागणीसाठी एखादा तुकडा कमी पडला की शेजारचा उचलला जात होता.

जे आरागिरणीत ओंडक्याच्या ठशाचे होते, तेच इथे हिरव्या रंगाचे झाले होते. उपाय फार खर्चाचा नव्हता. प्रत्येक प्रमाणित मागणीला स्वतंत्र जॉब कार्ड दिले, ते कार्ड तुकड्यांच्या ट्रॉलीबरोबर फिरेल असे ठरवले, आणि प्रमाणित काम आठवड्याच्या ठरावीक दिवशी, इतर माल यंत्रांवरून पूर्ण उतरवल्यानंतरच सुरू करायचे, असा नियम केला. चुकीच्या दाव्याने गेलेल्या मालाबाबत ग्राहकांना लेखी कळवावे लागले, प्रमाणन संस्थेनेही गंभीर त्रुटीची नोंद केली, आणि त्या मालकांनी ते सारे मुकाट्याने पार पाडले. आपल्या कारखान्यात ही पद्धत पहिल्या दिवसापासून घालून घ्यावी. शिवाय २०२१ पासून साखळी प्रमाणपत्रातही मूलभूत कामगार हक्कांच्या अटी आल्या आहेत, म्हणून बालकामगार नसणे, सक्तीचे काम नसणे, भेदभाव नसणे आणि संघटनेचे स्वातंत्र्य असणे यांची नोंद व पुरावे लेखापरीक्षक मागतील. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर ठेकेदारामार्फत काम करत असतील तर त्यांच्या हजेरीची आणि मजुरीची कागदपत्रे आधीच नीट करून घ्यावीत.

प्रमाणित लाकूड आणायचे कुठून, हा आपल्यापुढचा खरा कठीण प्रश्न असेल. भारतातल्या सरकारी जंगलांपैकी प्रमाणित क्षेत्र अतिशय थोडे आहे. देशातल्या सरकारी वनविभागांत एफएससीचे वन व्यवस्थापन प्रमाणपत्र प्रथम मिळाले ते आपल्याच गडचिरोलीतल्या भामरागड वनविभागाला. पुढे मध्य प्रदेश आणि त्रिपुरातल्या विभागांनाही ते मिळाले, पण या साऱ्यांची मुदत संपली आणि ती प्रमाणपत्रे चालू राहिली नाहीत. मला याची मनापासून खंत आहे. सी.पी. (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांताचा) साग म्हणून ज्याची ख्याती इंग्रजी अमदानीपासून आहे, ज्या जिल्ह्यांतले सागवान अयोध्येतल्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये समारंभपूर्वक रवाना झाले, त्या जंगलाला जगाच्या बाजारात ‘प्रमाणित’ म्हणून उभे राहता येऊ नये, याचे कारण जंगलाची अवस्था हे नाही. दरवर्षीच्या पाहणीचा खर्च आणि मानक राबवण्याचे प्रशासकीय काम सातत्याने पेलणारी व्यवस्था खात्यात रुजली नाही आणि लिलावात प्रमाणित मालाला त्या मानाने जास्त भाव मिळाला नाही, ही मला दिसलेली कारणे आहेत. म्हणून कोणी बल्लारशाहचा माल ‘सरकारी आहे, म्हणजे प्रमाणितच’ असे सांगत असेल तर ते मान्य करू नका. तो माल कायदेशीर आहे, उत्तम आहे, पण चालू प्रमाणपत्राशिवाय त्यावर एफएससीचा दावा करता येत नाही.

उत्तर प्रदेशाने वेगळा मार्ग धरला. नेटवर्क फॉर सर्टिफिकेशन अँड कन्झर्व्हेशन ऑफ फॉरेस्ट्स या भारतीय संस्थेच्या योजनेला पीईएफसीची मान्यता आहे, आणि त्या योजनेखाली उत्तर प्रदेश वन निगमाचे ४१ विभाग २०२३ च्या अखेरीस प्रमाणित होते. त्याच डिसेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वतःची भारतीय वन व लाकूड प्रमाणीकरण योजना जाहीर केली, जिचे बोधचिन्ह ‘प्रमाण’ असे आहे. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था तिचे संचालन करते. तिच्या वन व्यवस्थापन मानकात ८ निकष, ६९ निर्देशक आणि २५४ पडताळणी बिंदू असून ते राष्ट्रीय कार्य आयोजना संहिता २०२३ शी जोडलेले आहेत. म्हणजे प्रत्येक वनविभागाला कार्य आयोजना, अर्थात व्यवस्थापनाचा आराखडा, जी तशीही लिहावीच लागते, तिच्याच आधारे तपासणी व्हावी असा विचार आहे, आणि तो मला योग्य वाटतो. जंगलाबाहेरच्या झाडांसाठी, म्हणजे शेताच्या बांधावरच्या आणि शेतातल्या झाडांसाठीही या योजनेत वेगळे प्रमाणपत्र आहे. आपल्या जर्मन ग्राहकाने अट एफएससीची घातली असल्याने आज ‘प्रमाण’ त्याच्या जागी चालणार नाही, पण देशांतर्गत सरकारी खरेदी आणि मोठ्या बांधकाम प्रकल्पांमध्ये त्याला जागा मिळू शकते.

तूर्त आपल्यापुढे व्यवहार्य पर्याय दोन दिसतात. एक म्हणजे आयात केलेला प्रमाणित लागवडीचा साग. इक्वाडोर, पनामा, कोस्टारिका, घाना अशा देशांतल्या लागवडींचा साग आपल्या बाजारात येतो आणि त्यातला काही माल एफएससी प्रमाणित असतो. त्यात कच्चे लाकूड, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या थराचे लाकूड, जास्त आणि रंग फिका असतो, हे ग्राहकाला आधीच नमुन्यावर दाखवून ठेवा, कारण ‘टीक’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर जुना ब्रह्मी साग येतो. त्या ब्रह्मी सागापासून मात्र दूर राहा. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर युरोपीय संघाने त्याच वर्षी निर्बंध घातले, आणि भारतात फर्निचर बनवून ते लाकूड युरोपात पाठवल्याने तो प्रश्न सुटत नाही. दुसरा पर्याय म्हणजे देशातल्या प्रमाणित खासगी व शेतकरी लागवडींचा माल. यात साग कमी आणि निलगिरी, सुबाभूळ, पॉपलर, रबरवूड असा माल अधिक. टेबलाच्या आतल्या चौकटीसाठी किंवा चांगले वाळवलेले रबरवूड मिळाल्यास वरच्या पृष्ठासाठीही त्याचा विचार करण्यासारखा आहे.

युरोपला माल जात असल्याने कायद्याची बाजूही सांगायला हवी. तिथला लाकूड नियम मार्च २०१३ पासून लागू झाला, आणि बेकायदा लाकूड बाजारात आणण्यास त्याने मनाई केली. त्याची जागा घेण्यासाठी आणलेला जंगलतोडविरोधी नियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली असली तरी ग्राहक त्याची तयारी आतापासून करून घेत आहेत. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचे लाकूड त्यात चालत नाही, आणि लाकूड ज्या भूखंडावर वाढले त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. भूखंड ४ हेक्टरपेक्षा मोठा असेल तर त्याची संपूर्ण सीमारेषा लागते. प्रमाणपत्र असले म्हणजे या नियमातून सूट मिळते असा समज आपल्याकडे पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. प्रमाणपत्र जोखीम तपासताना आधार म्हणून ग्राह्य धरले जाते, आयातदाराची स्वतःची जबाबदारी त्याने संपत नाही. विशेष म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या मालकी प्रकरणात सातबारा, हद्दीची मोजणी आणि झाडांची गणती हे कागद असतातच. बांधावरच्या सागाला किंवा आंब्याला त्यामुळे भूखंडापर्यंतचा माग देणे आपल्याला इतर अनेक देशांपेक्षा सोपे जाऊ शकते, हे फार थोड्या निर्यातदारांच्या लक्षात आले आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, जंगलाच्या भल्याकडे, येतो. प्रमाणीकरणात उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. लेखापरीक्षकाचे शुल्क तपासणी होणारा स्वतः भरतो, ही रचनेतलीच दुबळी जागा आहे. त्यावर वचक राहावा म्हणून प्रमाणन संस्थांचीच तपासणी करणारी वेगळी यंत्रणा ठेवलेली आहे, तरी ताण राहतोच. रोमानियात मोठा व्यवसाय असलेल्या होल्झइंडस्ट्री श्वाइगहोफर या ऑस्ट्रियन कंपनीशी बेकायदा लाकडाच्या तक्रारींच्या चौकशीनंतर एफएससीने २०१७ मध्ये संबंध तोडले, तोवर ती कंपनी प्रमाणपत्र बाळगून होती. हे प्रकरण व्यवस्थेचे अपयश दाखवते असे म्हणता येते, आणि तक्रारीवर चौकशी होऊन एवढ्या मोठ्या कंपनीवर कारवाई झाली हेही त्यातच दिसते. मी दोन्ही गोष्टी खऱ्या मानतो. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशिया आणि बेलारूसच्या लाकडावर दोन्ही मोठ्या व्यवस्थांनी दार बंद केले, तेव्हापासून तिसऱ्या देशातून येणाऱ्या बर्च प्लायवूडच्या मूळ ठिकाणाबद्दल अधिक काटेकोर प्रश्न विचारावे लागतात.

तरीही मी या व्यवस्थेच्या बाजूने उभा आहे, आणि त्याचे कारण मला गावांमध्ये सापडले. वनहक्क कायदा २००६ चा, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये. तरी स्वतःच्या हक्काच्या बांबूची वाहतूक करण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. जंगलाच्या मालाचा कागद कोण फाडतो, यावर जंगल कोणाचे हे ठरते, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले. एफएससीचे तिसरे तत्त्व मूळ रहिवाशांच्या हक्कांची आणि पूर्वमाहितीसह, दबावाशिवाय दिलेल्या संमतीची मागणी करते. कुपात गेलेला परीक्षक फक्त झाडे मोजून परत येऊ शकत नाही, त्याला शेजारच्या गावात बसून विचारावे लागते, की तुमचे निस्ताराचे, म्हणजे जळण-चराईसारख्या घरगुती गरजांचे, हक्क चालतात का, तोडीला आलेल्या मजुरांना वेळेवर मजुरी मिळते का, झाड पडताना कोणाला इजा झाली तर काय होते. मी अशा बैठकांना बसलो आहे. ग्रामसभेतल्या बायांनी मोहाची झाडे तोडीच्या यादीत कशी आली असे थेट अधिकाऱ्यांना विचारले आणि तिथल्या तिथे ती यादीतून वगळली गेली, हे मी पाहिले आहे. केवळ वाहतूक परवान्याच्या व्यवस्थेत हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती.

आता आपल्या मागणीपुरते सांगतो. ग्राहकाला आजच स्पष्ट लिहून कळवा, की आपला कारखाना अद्याप प्रमाणित नाही आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी कोणताही माल दाव्यासह विकता येत नाही, म्हणून पुरवठ्याची तारीख त्याप्रमाणे ठरवावी. खरे सांगितल्याने मागणी गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. खोटा दावा उघडकीस आल्यावर मात्र ग्राहक कायमचा गेलेला पाहिला आहे. छोट्या कारखान्यांसाठी गट प्रमाणपत्राची सोय आहे, ज्यात अनेक कारखाने एका व्यवस्थापकाखाली येऊन खर्च वाटून घेतात. आपल्या औद्योगिक वसाहतीत आणखी चार-पाच सुतारकामाचे कारखाने असतील तर त्यांच्याशी बोलून पाहा. किमान दोन प्रमाणन संस्थांकडून दरपत्रक मागवा आणि त्यात वार्षिक पाहणीचा व प्रवासाचा खर्च स्वतंत्र दाखवायला सांगा, कारण पहिल्या वर्षाचा आकडा पाहून घेतलेला निर्णय दुसऱ्या वर्षी जड जातो. वखारवाल्याकडून पुढच्या खरेदीत बिलावर दावा आणि संकेतांक छापून देण्याची लेखी हमी घ्या. आणि नवी नोंदवही उघडण्याआधी आज गोदामात असलेली प्रत्येक फळी मोजून, प्रजाती आणि खरेदीच्या बिलानुसार वेगळी लावून, तारखेसह तिची यादी करून ठेवा. लेखापरीक्षक आला की त्याचा पहिला प्रश्न आरंभीच्या साठ्याचा असतो.